तीन मिनिटं बारा सेकंद

हेडाऊचा पेनड्राइव्ह
कमाल चौकातून नंदनवनपर्यंत
शर्टाच्या खिशात आला तेव्हा
छातीला चटका बसावा इतका तापलेला.
मे महिना. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

आत अठरा फायली.
ढोलक. बेंजो. पेटी डावी, पेटी उजवी.
सहारे कव्वालांचा मुख्य आवाज.
टाळ्या एक, टाळ्या दोन.
कोरस तीन नवीन फायनल दोन.

त्याच्या सॉफ्टवेअरचं प्रोजेक्ट
माझ्या सॉफ्टवेअरला उघडत नाही.
शेजारी राहून बोलणं नसलेली घरं असतात तसं.
मधून फक्त फायली ये-जा करतात,
वाटीभर साखरेसारख्या.

सगळ्या एकाखाली एक लावल्या
आणि स्पेसबार दाबला.

अठराही जण एकदमच सुरू झाले.
शेवटच्या कडव्यातला बेंजो पहिल्या ओळीवर,
कोरस आलापावर,
टाळ्या कुणाच्या वरातीतल्या, देव जाणे.
खालचा कूलरवाला मोटर सोडून
जिना चढून बघायला आला.

फोन लावला.
'शून्यापासून काढून दे ना बे सगळ्या.
जो जिथून गाते तिथूनच कापल्या तू.'
'मंग रिकामी जागा कायले पाठवू?
फाइल भारी होऊन राहिली.'
'होऊ दे भारी.'

संध्याकाळी पुन्हा कमाल चौक, पुन्हा खिसा.
आता सगळ्या एकाच लांबीच्या,
एकोणीस मिनिटं,
ज्याच्या वाट्याला दोनच ओळी त्याचीही.

मग चित्राशी जुळवायचं.
शिकवणारे सांगतात, सुरुवातीची टाळी शोधा.
हात मिळतात ती फ्रेम, आवाजाचा सुळका,
ठेवा एकावर एक.
कव्वालीत टाळी शोधायची!
पहाटे चारला कॉटन मार्केटात
कोथिंबिरीची आपली जुडी ओळखावी तशी.
शेवटी अफरोजच्या शिंकेवर जुळवलं:
तिन्ही कॅमेऱ्यांत त्याची मान खाली,
अठराही माइकांत ती शिंक.

तरी एकोणिसाव्या मिनिटाला
ओठ दोन फ्रेम मागे.
कॅमेऱ्याचं घड्याळ वेगळं, रेकॉर्डरचं वेगळं,
दोघंही आपापल्या जागी खरी.
हे दुरुस्त होतं. केलं.

आता एकेक आवाज एकटा ऐकायचा.
त्यासाठी कूलर बंद.
कीबोर्डवर घाम.

कोरस तीन. पंचशीला रंगारी.
तिची पहिली ओळ तीन मिनिटं बारा सेकंदांवर.
त्याआधी रेषा सपाट दिसते.
मोठी करून पाहिली तर नाही.
सहारे लांबून गातायत, भिंतीपलीकडून ऐकू यावं तसे.
जवळ बांगडी. पदर. श्वास.
एकदा ती शेजारणीला विचारते,
'आपलं कधी येते वं?'
'थांब ना. मान हलवतीन ते.'
परत श्वास.
दीड मिनिटावर सहारेंची ओळ
ती ओठांतल्या ओठांत त्यांच्यासोबत म्हणते
आणि एक शब्द बदलते.
त्यांच्या ओळीत 'राजा' आहे. ती 'माय' म्हणते.
बदलते की चुकते, कळलं नाही.
तीनदा ऐकलं.

दिग्दर्शकाचा निरोप आहे:
गात नसेल त्याचा माइक बंद, गोंगाट नको.
बरोबर आहे त्याचं.
हेडाऊनं तर आधीच केलं होतं,
मीच परत मागवलं.

आवाजाची रेषा खाली ओढली
तीन मिनिटं बारापर्यंत.
ओळीच्या अलीकडे बारा फ्रेम तेवढ्या सोडल्या,
आत घेतलेला तो एक श्वास.
कुणाला ऐकू जायचा नाही,
ढोलक तिथं फार जोरात आहे.

मूळ फाइल पुसली नाही.
नाव बदललं: पंचशीला, थांबलेली.
खरंच भारी आहे.

मग कूलर लावला.
खस वाळून कोरडी झाली होती.
पाणी आणायला उठलो.